तीस माणसं आणि एक पत्र

सोमवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

आजपासून रोज लिहायचं. निदान दोन ओळी.

कमांडर हॅलोरनबाईंनी बोलावलं होतं. नौदलाची आमची बोट ‘फिनूला’ चौदा महिने धक्क्याला बांधून आहे. बोट ठणठणीत, चालवायला माणसं नाहीत. वसंतात पोर्तुगीज नौदलाबरोबर सराव आहे. ३० तारखेपर्यंत तीस खलाशी जमले तर जाईल, नाहीतर भंगारात. मी म्हटलं, बाई, तीस काय, चाळीस आणतो. नौदल सोडून गेलेल्या प्रत्येकाचा नंबर माझ्याकडे, म्हणजे चीफ फिनबार कॉटरकडे आहे.

दुसरं काम किरकोळ. टाइग लूसीला पत्र हवंय. माझ्या हाताखालचा खलाशी, चांगला पोरगा. आजारपणाच्या पेन्शनसाठी अर्ज केलाय, २८ला मंडळापुढे सुनावणी. नऊ वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात असताना त्यानं माझ्याकडे डॉक्टर मागितला होता, एवढंच लिहून द्यायचं. फाईलमध्ये तशी नोंद नाही. नोंद करायचं काम माझं होतं.

दहा मिनिटांचं पत्र. उद्या.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.

सहा फोन केले. पहिला औषधांच्या कारखान्यात लागलाय. दुप्पट पगार, संध्याकाळी साडेपाचला घरी. बोटीवर हीटिंग चालू झालं का विचारत होता. विचार करतो म्हणाला. म्हणजे येणार. लिस्टमध्ये घातला. बाकीचे पाच ‘बघू’ म्हणाले, तेही घातले.

नोरीनला लिस्ट दाखवली. म्हणाली, बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. वर म्हणाली, शत्रूला आधी कळवून ठेव बाबा, सोमवार ते शुक्रवार ये, शनिवार-रविवार आमच्याकडे कोणी नसतं. लष्करी माणसाच्या बायकोनं असं बोलू नये. पण आपला देश तटस्थ असल्यामुळे मी गप्प राहिलो.

पत्र राहिलं. अनेक फोन झाल्यावर अक्षर नीट येत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर.

मागचा डेक रंगवला. डाव्या बाजूला एक लांब पट्टा आहे, तिथे रंग धरतच नाही. हा बारावा हात. हल्ली रंगात दम राहिला नाही. मी त्या बाजूनं जात नाही, निसरडं आहे.

पत्राची सुरुवात केली: ‘आदरणीय महोदया’. सुरुवात चांगली झाली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

पोर्तुगीज अधिकारी बोट बघायला आला. शिट्टी वाजवून स्वागत करायला सहा माणसं लागतात. होतो मी आणि आचारी. माणसं कुठायत, त्यानं विचारलं. जेवायला गेलीत, मी म्हटलं. सकाळचे दहा वाजले होते. त्याला आमच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या वाटल्या असाव्यात.

फिरत फिरत तो मागच्या डेकवर डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी ओरडलो, तिथून आधी बाजूला व्हा. बिचारा उडीच मारून आला. रंग ओला आहे समजून त्यानं माफी मागितली. रंग वाळून चार दिवस झाले होते.

नंतर विचार केला. शिस्त म्हणजे शिस्त, पाहुणा असला तरी.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

लिस्टमधले पाच गळाले. कारखानेवाला फोन उचलत नाही. आता दर्जेदार माणसं उरतील.

खालच्या मजल्यावर कोणीतरी अनवाणी चालल्यासारखा आवाज येतो. पाइप गार होताना असा येतो. हीटिंग चौदा महिने बंद आहे, तरी येतो.

बुधवार, २० नोव्हेंबर.

टाइग आला होता. धक्क्यावरच उभा राहिला, बोटीवर चढला नाही. ये की, चहा घे, म्हटलं. नको म्हणाला. वाळलाय फार.

पत्राचं विचारलं. होत आलंय, मी म्हटलं. घाई नाही चीफ, पुढच्या गुरुवारी आहे, म्हणाला. मग मागच्या डेककडे बघत म्हणाला, ती अजून आहेत का हो तिथे? मी म्हटलं, कोण? नुकताच रंग दिलाय.

जाताना म्हणाला, माणसं कमी पडत असतील तर माझं नाव घाला. तुम्ही बोलावलंत तर मी येईन.

घातलं.

रविवार, २४ नोव्हेंबर. दुपारी.

चर्चमध्ये मासला गेलो नाही. पत्र लिहून काढलं, सगळं.

बुडालेल्या रबरी होडीतली सतरा मेलेली माणसं आम्ही वर काढली होती. खाली जागा नव्हती, म्हणून मागच्या डेकवर डाव्या बाजूला ओळीनं ठेवली. सगळ्यात लहान मुलगी चारेक वर्षांची. पहाऱ्याचा तक्ता मी लावला. बंदराला लागेपर्यंतच्या चारही रात्री टाइगला, कारण तो तक्रार करत नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, चीफ, ती माझ्याशी बोलतात, मला डॉक्टरकडे पाठवा. मी म्हटलं, चहा पी आणि ड्यूटीवर जा. रोजच्या नोंदीत लिहिलं: विशेष काही नाही.

वाचून बघितलं. भाषा फार भावनिक झालीय. मंडळाला हे चालत नाही. शिवाय माझ्या निवृत्तीला अकरा महिने आहेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. अर्थात ते कारण नाही. भाषा, हेच कारण.

बुधवार, २७ नोव्हेंबर.

हॅलोरनबाईंनी लिस्ट मागितली. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, चीफ, यात एकच नाव आहे, आणि तो आजारी आहे म्हणून पेन्शन मागतोय. मग कपाळ चोळत म्हणाल्या, मीही मार्चमध्ये सोडतेय. ‘फिनूला’ भंगारात जाणार. पोर्तुगीजांना शुभेच्छांचं पत्र जाईल.

उद्या टाइगसाठी ठाम बोलायचं. ठरलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. दुपारी ३.

पत्र घरीच ठेवलं. तोंडी साक्षीला जास्त वजन असतं.

आधी टाइगला आत घेतलं, मी बाहेर बाकावर होतो. मग मला. मंडळाच्या बाईंनी विचारलं, लूसीनं तुमच्याकडे डॉक्टर मागितला होता का? मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी कागद चाळला. म्हणाल्या, लूसीही तेच म्हणाले, कोणाकडे मागितला ते आठवत नाही.

आणखी काही सांगायचंय का, असंही विचारलं. वाट बघत थांबल्यासुद्धा. मी पाणी मागितलं.

बाहेर टाइग कोट घालत होता. म्हणाला, तुमचे अकराच महिने राहिलेत ना चीफ, उगाच कशाला. पोर्तुगीजांचं काय झालं, विचारलं. रद्द झालं, मी म्हटलं. वाईट झालं, म्हणाला, आणि बस पकडायला गेला. मी हाक मारली नाही.

मला सगळं आठवतं. त्याचा आवाजसुद्धा.

निकाल लगेच दिला. अर्ज नामंजूर. खाली एक ओळ आहे: या मुद्द्यावर दोन्ही साक्षीदारांचं एकमत आहे.