आधी फ्यूज खिशात

राजेगाव,
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझं कार्ड पोळ्यानंतर पोचलं. पोस्टमन दारातूनच म्हणाला का ताई, हातानं लिहिलेलं पत्र आता गावात फक्त तुमच्याच घरी येते. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ मोठा साहेब आहे, त्याला फोनची खरखर सोसत नाही.

आता कामाचं. गोठ्यात अकरा म्हशी झाल्या. गोबरगॅसवर दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, पण गॅस निघून गेल्यावर टाकीत जे पातळ शेण उरतं, ती स्लरी, ती वरच्या बांधीत, भाताच्या वावरात, पोचवता पोचवता नाकी नऊ येतात. घमेली वाहून माझी मान आखडली आहे. तुझे जावईबुवा म्हणतात एक पंप घेऊन टाकू. बालाघाटचा दुकानदार म्हणतो, पाणी काय न् शेण काय, पंप तो पंपच. आणि आमचा रजत दिवसभर मोबाइलवर पंप बघतो. त्याला विचारलं तर म्हणे, मम्मी, इसमें सब लिखा है. लिहिलेलं असेल, पण तो वाचतो कुठं, नुसता बघतो.

तू तिरोडीच्या खाणीत छत्तीस वर्षं पंप सांभाळलेस. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं सांगायचास. मग मी दुकानदाराच्या पाया का पडू? दोन दिवसांसाठी ये. आमच्या रूपालीच्या लग्नालाही आला नाहीस, चार वर्षं होत आली. आलास तर भांडणार नाही, नाही आलास तर मात्र भांडेन.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी,
गीता

तिरोडी,
२१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गीतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्या दुकानदाराला माझ्याकडे शिकवणीला पाठव. पाण्याच्या पंपाचा पंखा दोन ताटल्यांच्या मधे कोंडलेला असतो. त्यात भाताच्या तणसाची एक काडी अडकली का तिला धरून दुसरी बसते, मग तिसरी, आणि पंप गच्च. तुला उघड्या पंख्याचा पाहिजे, ज्याच्या पोटातून लिंबाएवढा गोळा सुखानं निघून जाईल. दुकानात लिंबू घेऊन जा आणि तोंडात घालून पाहा. पंपाच्या, स्वतःच्या नाही. तोंडाशी काडी कापणारं पातं असलं तर फारच चांगलं. एचपीवर भुलू नको. आधी टाकीपासून वरच्या बांधीचा चढ मोज, पाइप किती लांब लागेल ते मोज, तो कागद घेऊनच बालाघाटला जा. सावकाश फिरणारा घे. जोरात फिरणारा शेणातल्या वाळूनं लवकर झिजतो.

पंप टाकीच्या बाहेर, काठावर बसव. काही झालं तरी टाकीत कोणी उतरायचं नाही, त्या गॅसनं माणूस हाक मारायच्या आत जातो. पंखा फिरवणाऱ्या दांड्याभोवती दोरी भरलेली असते, ती जीव खाऊन आवळू नको. थेंब थेंब गळू दे, त्यानंच दांडा थंड राहतो. कोरडा चालवू नको. आणि काम संपलं का दहा मिनिटं साधं पाणी ओढव. रोज. हे विसरशील म्हणून दोनदा लिहितो: रोज.

मी येत नाही. गुडघे धरले आहेत. लिहून दिलंय त्यात सगळं आलं.

जावईबुवांना नमस्कार, रजतला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव काही कमी झालेला नाही, भांडलीस तरी.

तुझा दादा,
पुनाराम

(पाकिटात घडी घातलेली आणखी एक चिठ्ठी)

गीताबाई, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असते म्हणून हे आत घालते. यांच्या गुडघ्याले काहीच झालं नाही. यांले ऐकू येत नाही. पंपाच्या खोलीत जन्म गेला, कान तिथंच राहिले. कोणाले सांगू देत नाहीत, डॉक्टरचं नाव काढलं का जेवत नाहीत. फोन बंद, लगनं बंद, पारावर बसणं बंद. दिवसभर घरात मुके बसून राहतात. तुमच्या पत्राचं उत्तर लिहिलं त्या दिवशी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कसंही करून बोलवून घ्या. मी सांगितलं असं कळू देऊ नका. — रुख्मा

राजेगाव,
९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लिंबू घेऊन गेले होते. दुकानदार बघतच राहिला. तिसऱ्या पंपात लिंबू आरपार गेलं, तोच आणला. आठ दिवस असा चालला, का वरच्या बांधीत स्लरी पोचताना पाहायला शेजारीपाजारी जमायचे. मला तर रडू आलं. एवढी वर्षं डोक्यावर वाहिलं ते शेण आपल्या पायानं चालत गेलं.

आता रागावू नको. दसऱ्याला नांगर, विळे, कोयते पूजेला मांडले, त्यात पंपही मांडला. रजतनं त्याला आदल्या दिवशी शाम्पूनं न्हाऊ घातलं, हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं झालं. पूजेतल्या हत्याराला कोणी हात लावेना. मग रूपालीच्या सासरची मंडळी आली, पंपाला पाच दिवस सुट्टी मिळाली. बाहेरून न्हाला, पण आतून धुवायचा राहिला. सहाव्या दिवशी बटण दाबलं तर नुसता घुं करतो आणि बसतो. दुकानदाराचा मिस्त्री आला, दोन हात लांबून पाहून म्हणे का हा गेला, दुसरा घ्या.

दादा, तुझ्याशिवाय कोणी याला हात लावलेला मला चालणार नाही. रजत तिरोडीला येऊन तुला गाडीवर घेऊन येईल. गुडघ्यांना त्रास होणार नाही, मी रजतला बजावून ठेवलंय. वाट पाहते.

तुझी हट्टी,
गीता

तिरोडी,
२४ ऑक्टोबर २०२५

सौ. गीताबाईंस,
रुख्माबाईचा स. न. वि. वि.

दिवाळी झाली, काल भाऊबीजही झाली. दरवर्षी तुमची साडी पोस्टानं पाठवतात, यंदा तीही नाही. तुमच्याकडून सोळा तारखेला सांजच्या बसनं आले, तेव्हापासून तोंड उघडलं नाही. जाताना किती हरखून गेलते! मिशी कातरली, पान्यांची पिशवी तेल लावून पुसली. आले ते तीच पिशवी खाली ठेवायच्या आत शेजारच्या धम्मपालले देऊन टाकली. तो नवा फिटर आहे, त्याले आनंद झाला, मले मात्र रडू आलं.

काय झालं काही सांगत नाहीत. पंप नाही का चालला? कोणी काही बोललं का? गीताबाई, मी तुम्हाले चिठ्ठी लिहून चूक केली असं मले राहून राहून वाटते. खरं काय ते लिहा.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि आमच्यावर मन ठेवा.

रुख्मा

राजेगाव,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

चूक तुमची नाही, माझी आहे. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दादा आला तेव्हा लाइन नव्हती, वीज सकाळपासून गेलेली. त्यानं पंपावर तळहात ठेवला, हातानंच पंखा थोडा हलवून पाहिला आणि म्हणाला का गेला नाही, आत शेण वाळून बसलं आहे. झाकण खोललं आणि कोपरापर्यंत हात घालून खपल्या काढू लागला. मिस्त्री, शेजारी, आमचे हे, आठदहा माणसं जमली होती. दादा इतका खुशीत होता, वहिनी. बोलत होता, हसत होता.

पूजेच्या आधी रजतनं स्टार्टरला ऑटो बसवलं होतं. लाइन आली का थोड्या वेळानं पंप आपोआप सुरू होतो. आमच्या कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. अन् गल्लीतली पोरं ओरडली, लाइन आली रे! रजत ओरडला, मामाजी, हात निकालो! सगळे ओरडले. दादाची आमच्याकडे पाठ होती. त्याचा हात आतच. कशी धावले ठाऊक नाही, त्याला मानेपाशी धरून मागं ओढलं, आम्ही दोघं खाली पडलो आणि पंप सुरू झाला. उघड्या झाकणातून सगळं शेण आमच्या अंगावर.

बोटं शाबूत होती. मी ती मोजली. आणि मग, वहिनी, मी त्याच्या कानाशीच ओरडले, बहिरा झाला का तू? साऱ्यांच्या देखत. मला ठाऊक होतं, तुम्ही कळवलं होतं, तरी माझ्या तोंडून तेच निघालं. भीतीनं निघालं, पण निघालं.

तो उठला. हात धुतले, ऑटो स्वतः काढून टाकलं, राहिलेलं काम पुरं केलं, पंप चालवून दाखवला, दहा मिनिटं पाणी ओढवलं. जेवायला बसला नाही. रजतच्या गाडीवरही बसला नाही, बसनं गेला. पंप तेव्हापासून छान चालतो आहे. मला त्याचा आवाज नकोसा झाला आहे.

हे पत्र त्याला वाचायला द्या. माझ्यात समोर यायची हिंमत नाही.

तुमची अपराधी,
गीता

तिरोडी,
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गीतास,
अनेक आशीर्वाद.

रुख्मानं तुझं पत्र दिलं, स्वतःची चिठ्ठीही कबूल केली. घरात असा बेइमान पोस्टमन आहे हे मला आधीच कळायला हवं होतं.

गीता, मला ऐकू येत नाही. हे मी पहिल्यांदा लिहितो आहे, लिहायला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. सहा वर्षं झाली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी भोंगाही ऐकू येत नव्हता, पंपाचं दुखणं मी हातानं ओळखायचो आणि लोक समजायचे कानानं ओळखतो. रूपालीच्या लग्नाला आलो नाही, कारण माणसांत बसलं का सगळे हसतात आणि मी सगळ्यांच्या मागून हसतो. ते फार वाईट असतं.

तू ओरडलीस ते मला ऐकू आलं. सहा वर्षांत इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं. त्याचा राग नाही. माझ्या बहिणीनं मला ओढून काढलं, तिनं काय म्हणावं हे मी ठरवू? तुझ्या त्या शब्दामुळे मी गप्प बसलेलो नाही.

मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. लाइन असो नसो. आमच्या पंपघरात हा माझा नियम होता. राजू नावाचा माझा हेल्पर होता, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं एकदा फ्यूज न काढता हात घातला. काही झालं नव्हतं, तरी मी त्याला आठ दिवस घरी पाठवलं. आणि त्या दिवशी तुझ्या अंगणात लोक बघत होते, मला फार दिवसांनी बरं वाटत होतं, आणि मी ते विसरलो. ज्याला ऐकू येत नाही त्यानं तर आधी फ्यूज काढायला हवा. राजूला जो नियम तोच मला. म्हणून पाने देऊन टाकले. आता कुठल्या मशीनला हात लावणार नाही आणि त्यासाठी कुठं येणारही नाही.

तू रडत बसू नको. साडी राहिली, ती पाठवतो. पंपाच्या दोरीतून थेंब पडतो आहे ना, तेवढं बघ.

तुझाच,
दादा

राजेगाव,
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा यांना वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा रजतला. चौथ्यांदा नीट वाचलं तेव्हा तुझी चूक सापडली.

त्या राजूला तू आठ दिवस घरी पाठवलंस. नवव्या दिवशी परत घेतलंस, हो ना? तुला घरी बसून आज चोवीस दिवस झाले. राजूला जो नियम तोच तुला, हे तुझ्याच अक्षरात माझ्याकडे आहे. तुझी शिक्षा केव्हाच संपली. तरी तू ड्युटीवर नाहीस, म्हणजे आता बिनपगारी रजा चालू आहे.

मी तुला जे बोलले त्याची माफी मागते. कागदावर मागून माझं मन भरत नाही, तोंडानं मागायची आहे. समोर बसून, तुला ओठ दिसतील अशी, सावकाश. आमच्या घरात आता तुला मागून कोणी हाक मारणार नाही, खांद्याला हात लावून बोलायचं हे मी शेजारच्या पोरांनाही शिकवलं आहे. आणि तू सगळ्यांच्या मागून हसलास तर मी तुझ्याबरोबर हसेन. मला तरी विनोद कुठं पहिल्यांदा समजतो?

पाने धम्मपालकडेच राहू दे. रजतनं नवे आणले आहेत, त्याला ते धरता येत नाहीत, ते तू शिकव. तो मोबाइल ठेवून द्यायला तयार आहे, यापेक्षा जास्त मी त्याच्याकडून काय मिळवू?

या पत्रासोबत पार्सल आहे. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली वस्तू म्हणजे आमच्या पंपाचा फ्यूज. काल सकाळी माझ्या हातानं काढला. टाकी भरायला बारा दिवस लागतात, त्यातला आज दुसरा. फ्यूज बालाघाटच्या कुठल्याही दुकानात मिळतो हे मला ठाऊक आहे. रजतनं दोनदा सांगितलं, मी दोनदा डोळे वटारले. यांनी सांगायचं धाडसच केलं नाही. दुसरा फ्यूज या घरात येणार नाही. टाकी उतू गेली तर अंगणभर जाईल, आणि मी पुन्हा घमेलं डोक्यावर घेईन, आखडलेल्या मानेनं.

आता तो तुझ्या खिशात आहे. तू येईपर्यंत इथं कोणाच्याही बोटांना धोका नाही.

वहिनींनाही घेऊन ये.

तुझी,
गीता