वय उलटलेली पिले उचलण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प समन्वयक,
'अंगणपाखरू' कुक्कुटपालन प्रकल्प,
डहाणू.

विषय : रानशेत येथील सौ. जिवली चिमण रावते यांच्याकडे वाटपाविना वाढलेले पक्षी उचलण्याबाबत, अथवा विकू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या वेळोवेळच्या तोंडी सूचना.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, अर्जदार सौ. जिवली रावते या माझ्या सासूबाई असून रानशेत येथे आपल्या प्रकल्पाची पिले सांभाळतात. अंड्यातून नुकतीच निघालेली पिले प्रकल्पाने द्यायची, बाईंनी ती महिन्याची करायची आणि मग डहाणू-तलासरी भागातील कुटुंबांना वाटायची, असे ठरलेले आहे. प्रत्येक पिलाच्या पायात प्रकल्पाची निळी कडी असते. कडीचा पक्षी बाहेर विकण्यास मनाई आहे.

डिसेंबरात पिले वाटपास तयार झाली आणि त्याच सुमारास कोंबड्यांत रोग आल्याची अफवा उठली. कुटुंबे पिले घेईनात. वाटप पुढे ढकलल्याचे समजताच बाईंनी फोनवर विचारले, "साहेब, तोवर ह्यांचं काय करू? ही तर वाढतात." उत्तर मिळाले, "सध्या जास्त वाढू देऊ नका." खाद्याच्या गोण्याही त्यानंतर आल्या नाहीत.

सदर सूचनेचा मान राखून बाईंनी दाणे निम्म्यावर आणले. पिले वाढायची थांबली नाहीत, मात्र भुकेने एकमेकांची पिसे उपटू लागली. रक्ताळलेले एक पिलू ओंजळीत धरून बाई शेडच्या दारात कितीतरी वेळ बसून होत्या. मग उठल्या आणि घरातली खायची नागली पिलांपुढे ओतली. माझे सासरे बघत राहिले, पण त्यांनी अडवले नाही.

पुढे नरांना तुरे आले. ते आरवू लागले, भांडू लागले, म्हणून निम्मे पक्षी घरात घ्यावे लागले व आमची चूल अंगणात गेली. अच्छाडचा एक ढाबेवाला टेम्पो घेऊन आला आणि सगळेच नर मागू लागला. बाईंनी त्याला चहा देऊन थांबवले व आपल्या कार्यालयाकडे परवानगी मागितली. "कडीचा एक पक्षी जरी गेला तरी तुमचं नाव कमी होईल," असे सांगण्यात आले. टेम्पो रिकामा गेला.

गेल्या आठवड्यात अफवा ओसरली. कुटुंबे पुन्हा पिले मागू लागली व सरावली येथे वाटपासाठी माल तातडीने आणण्याचा निरोप आला. बाई नवे लुगडे नेसून टोपल्यांसोबत गेल्या. तपासणीस साहेबांनी झाकण उचलताच कोंबडा उडून त्यांच्या टेबलावर बसला.

"पिलं कुठे आहेत?"

"हीच ती, साहेब."

"ही महिन्याची नाहीत."

"महिन्याची होती तेव्हा तुम्ही नेली नाहीत."

सर्व पक्षी वयात बसत नाहीत म्हणून नाकारण्यात आले. रांगेतल्या बुधीबाई नावाच्या म्हातारीने एक तलंग कोंबडी पोटाशी धरली होती. "मला हीच द्या, ही लवकर अंडं देईल," ती म्हणत होती. तिच्या हातातूनही ती काढून घेतली. ती रिकाम्या हाताने आणि बाई भरल्या टोपल्यांनी घरी गेल्या.

तरी, सदर पक्षी प्रकल्पाने उचलावेत, नाहीतर कड्या काढून विकण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

अर्ज इथवर लिहून झाला असताना काल दुपारी आपली गाडी नव्या पिलांची पेटी घेऊन दारात आली. मागणी वाढल्याचे चालकाने सांगितले. शेडमध्ये जागा नाही, घरातही नाही. माझे पती संदीप यांनी ती नाकारली. "न उघडता ठेवा, येताना परत नेतो," असे म्हणून चालक पुढे तलासरीला गेला.

पेटी ओट्यावर होती. ऊन सरकत तिच्यावर आले आणि आतला चिवचिवाट हळूहळू मंदावत गेला. आम्ही नको म्हणत असताना बाईंनी दोरी सोडली आणि ताटलीत पाणी ठेवले.

चालक परतला. "मावशी, पेटी उघडली म्हणजे घेतली," तो म्हणाला व गाडी घेऊन निघून गेला.

ताटली रिकामी झाली होती, ती भरायला बाई आत गेल्या.

सासूबाईंच्या वतीने,
आपली नम्र,
चंद्रिका संदीप रावते
रानशेत, ता. डहाणू, जि. पालघर
दिनांक : १२ मार्च २०२५