आफ्राकोमा आजीच्या नावातल्या पेट्या

असाफो, कुमासी
बुधवार, वीज आहे तोवर

तीर्थरूप आम्पोफो मामा,

भाची पोकुआचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत. आईचे गुडघे सोडले तर आईही खुशाल आहे. गुडघे फक्त चर्चमध्ये प्रार्थनेला टेकवताना दुखतात, बाजारात उभं राहून अख्खी दुपार घासाघीस करताना त्यांची काही तक्रार नसते. तुमचा खोकला गेला का? ब्रेमेनच्या थंडीत डोक्याला काही बांधता की अजून केसांची फुशारकी चालू आहे? कोनादूताई रविवारच्या विमानाने तिकडे येते आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि आईने केलेल्या शितोच्या चटणीची बरणी पाठवते आहे. (बरणी नीट गुंडाळली आहे. तरी तेल गळलंच आणि पत्र तिखट लागलं, तर दोष मजकुराचा समजू नका.) आफ्राकोमा आजी गेल्याचा निरोप तुम्हाला पोचला हे मला ठाऊक आहे, कारण त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर मात्र आलं नाही. असो, त्याबद्दल मी इथे चकार शब्द काढणार नाही. हे पत्र निव्वळ मशीनबद्दल आहे.

जाताना तुम्ही दुकानाच्या मशीनवर लिनक्स घालून दिलंत आणि छाती फुगवून म्हणालात, ‘आता याला व्हायरस शिवणार नाही.’ नाही शिवला. जो घोळ झाला तो तुम्ही स्वतः लिहिलेल्या सफाईच्या प्रोग्रामने केला. त्याचं नाव तुम्ही आपल्या भाषेत ‘प्राए’, म्हणजे झाडू, ठेवलं होतंत. आता झालं असं, की आजीच्या अंत्यविधीची पुस्तिका आपल्याच दुकानात छापायची असं द्वोमो आजोबांनी ठरवलं. (घराण्याचे कारभारी हल्ली तेच आहेत, आणि ते आहेत हे दर दहा मिनिटांनी सांगतात.) यात त्यांचा मोठेपणा आहे, कारण आपल्या ‘कृपा छपाई’च्या बरोब्बर समोर आता ‘दुप्पट कृपा छपाई’ उघडलं आहे आणि त्यांच्याकडे गुळगुळीत कागद मिळतो. आजोबांनी काठी आपटून बजावलं, “पोकुआ, बाईच्या नावात एक जरी चूक दिसली, तर मी रस्ता ओलांडीन.” मी फोटो चढवायला घेतले, तर मशीन म्हणालं, जागा शिल्लक नाही. म्हणून तुमचा झाडू बाहेर काढला.

झाडू उठेना. संगणकाच्या ज्या जुन्या भाषेत तुम्ही तो लिहिलात, तिला नव्या लिनक्सने केव्हाच घराबाहेर काढलं आहे. झाडू आपला दारात उभा राहून तिला हाका मारतो आणि पडतो. शेवटी इंटरनेटवर एका ब्राझीलच्या भल्या माणसाने कुणाला तरी दिलेला सल्ला मी पाळला. (त्या कुणाचा प्रिंटर बिघडला होता, माझा झाडू, पण मी म्हटलं दुखणं ते दुखणंच.) जुनी भाषा परत आणून बसवली. झाडू उठला, मशीनभर फिरला, आणि त्याने विचारलं: ‘ज्यांची कुणालाच गरज नाही असे हे अनाथ सापडले आहेत. काढून टाकू?’

नेमकी तेव्हा आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. मामा, तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे. तिने हातातला मक्याच्या केंकेचा पुडा टेबलावर आदळला. “अनाथ? माझ्या दुकानात? कोण म्हणतो?” मी म्हटलं, “अगं, माणसं नव्हेत. ज्यांना कुठलाही दुसरा प्रोग्राम विचारत नाही, त्यांना मामाने तसं नाव दिलंय.” “मामाने?” आता तिचा आवाज ‘दुप्पट कृपा’पर्यंत गेला. “आमची आई गेली तेव्हा मला नि त्याला कुणी अनाथ म्हटलं होतं का? आफ्राकोमा होती ना! आईची बहीण म्हणजे आईच. तिच्या घरात जेवून वाढला, आणि हा शब्द शिकला कुठे गाढव? नाही म्हण त्या मशीनला!” मी नाही म्हणायला हवं होतं. पण गिऱ्हाइकांची रांग लागली होती, आई रांगेलाच मध्यस्थ करून तुमचं लहानपण सांगायला लागली होती, आणि मी हो दाबलं. झाडूने इमानेइतबारे सगळ्या अनाथांना हाकललं. भरपूर जागा झाली. मी पुस्तिका छापून नमुना आजोबांच्या हातात ठेवला.

झाडूने काय हाकललं होतं? आपल्या भाषेची दोन खास अक्षरं. (तिकडे राहून विसरला असाल म्हणून सांगते: उलट्या तीनसारखा दिसतो तो ए, आणि पाठ फिरवून बसलेल्या सी-सारखा दिसतो तो ओ.) ती ज्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, होती तो टंक कुठल्याच प्रोग्रामने मागितला नव्हता, माणसं वापरतात एवढंच. आता जिथे जिथे ती अक्षरं, तिथे तिथे रिकामा चौकोन. आजीच्या नावात चौकोन, तिच्या गावाच्या नावात चौकोन, तिच्या आवडत्या भजनात तर चौकोनांची आगगाडी. तुमच्या झाडूच्या स्वतःच्या नावातला शेवटचा ए सुद्धा गेला, म्हणजे झाडूने आपली मूठ पण झाडून टाकली. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “पोरी, ह्या पेट्या कसल्या?” आपल्याकडे पेटी म्हणजे कसली, ते अंत्यविधीच्या आठवड्यात कुणी विचारू नये. “मी सुताराला एकच पेटी सांगितली आहे,” ते म्हणाले. “तू बाईला पानोपानी पुरलीस!” रांगेतली माणसं आधी गंभीर झाली, मग एक बाई फिस्सकन हसली, आणि मग आजोबा स्वतःच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आजी असती तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली असती. मला तिची फार आठवण आली, मामा. बाकी रस्ता ओलांडायची धमकी त्यांनी जाताना पुन्हा दिलीच.

तर हे सगळं असं आहे. तुमचा झाडू दुरुस्त कसा करायचा, किंवा निदान त्याला अनाथ हा शब्द विसरायला कसा लावायचा, ते कळवावं.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
पोकुआ

ता. क. मशीन त्याच दुपारी ठीक झालं. एक ओळ टाइप केली आणि टंक परत आला. पुस्तिका सुंदर छापली आहे. आईचा निरोप लिहिला की तुमच्या खुणा निळ्या होऊन थांबतात, आणि मशीन बिघडलं लिहिलं की पाच मिनिटांत फोन येतो, म्हणून पत्राची सुरुवात अशी केली.

आणखी एक ता. क. पहिल्या पानावर दफनाच्या तारखेची जागा तेवढी मोकळी आहे. आई म्हणते, आजीचा ब्रेमेनचा मुलगा माती द्यायला उभा राहिल्याशिवाय तिला शवागारातून हलवायचं नाही. द्वोमो आजोबा म्हणतात, किती वाट बघायची, तो यायचा नाही, टाक तारीख. रोज सकाळी ते दुकानात येऊन तारीख छापायला सांगतात, आणि रोज मी त्यांना सांगते की मशीन अजून बंद आहे.