आरतीच्या व्हिडिओखाली

१८ ऑक्टोबर
आरतीचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला! बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून हरभऱ्याच्या रानात ट्रॅक्टर तीच चालवते. तोंडाला रुमाल बांधून. आज निलंग्याला, मी कामाला आहे त्या दुकानात, खत न्यायला आलेला गावातला एकजण म्हणाला, "आदिनाथ, बहीण वाघीण हाय बरं का." छाती फुगली.

१९ ऑक्टोबर
कमेंट वाचल्या. सगळ्या तिच्या अंगाबद्दल, घाणेरड्या. 'मर्दगडी' नावाचा एक तर — नको. इथं लिहिणार नाही.

२० ऑक्टोबर
आरतीला म्हणालो, व्हिडिओ बंद कर. ती भाकरी थापत होती. "मी का बंद करू? लिहिणाऱ्याला सांग की!" मी ओरडलो. ताट सरकवून उठलो.

२३ ऑक्टोबर
'मर्दगडी' म्हणजे संगमेश! कॉलेजपासूनचा दोस्त. त्याच्या मोबाईलच्या दुकानात बसलो होतो, फोन उघडाच पडलेला, त्यावर ते नाव. कॉलर धरली.

"रुमाल होता तोंडाला! तुझी बहीण हाय, मला काय माहीत?" घाबरला होता. मग एकदम चिडला — "अन् तू लई साधू व्हय?" फोन माझ्यापुढं धरला. उदगीरची एक पोरगी बुलेट चालवते. तिच्या व्हिडिओखाली मी खोट्या नावानं लिहिलेलं, वर त्यालाच हौसेनं पाठवलेलं. शब्द तेच. अगदी तेच.

कॉलर सोडली.

२४ ऑक्टोबर
खताच्या दुकानात कामाला गेलो नाही.

२५ ऑक्टोबर
दोन वर्षांपूर्वी मुखेडच्या स्थळानं नकार दिला. मुलीला नोकरीवाला हवा होता. तेव्हापासून ते व्हिडिओ बघतोय — बायकांना वठणीवर कसं आणायचं, खरा मर्द कसा असतो. जेवतानाही तेच. बरं वाटायचं. आपलं काही चुकलंच नाही असं वाटायचं. पण उदगीरच्या त्या पोरीनं माझं काय बिघडवलं होतं? तिचं नावही मला माहीत नाही. कमेंट सगळ्या खोडल्या. तिनं वाचल्या असतील त्या वाचल्याच.

२६ ऑक्टोबर
रानात जाऊन आरतीला सगळं सांगितलं. खोटं नाव सांगायला लागलो तर म्हणाली, "माहीत हाय, दादा. मामीला फोन लावून द्यायला आई तुझाच मोबाईल देते माझ्या हातात, त्यात दिसलं ते नाव अन् त्या कमेंटी. मागच्या वर्षी व्हिडिओ टाकायला लागले, तवा पहिलं तुझं ते खोटं नावच ब्लॉक केलं."