गिअर कधी टाकायचा

भांडुप, १२ जानेवारी १९८४

ती. दादास गुणाजीचा शिरसाष्टांग दंडवत.

वि. वि. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, म्हणून शेजारच्या दशरथकडे रिक्षा चालवायला शिकतोय. तो माझ्या निम्म्या वयाचा. इंजिनाचा आवाज चढला की गिअर टाका, असं रोज ओरडतो. मी टाकतो तेव्हा गाडी आचके देऊन बंद पडते आणि मागचे शिव्या घालतात. दशरथ म्हणतो, काका, पन्नाशीला आलात, आता हात वळायचा नाही.

खरं तुला म्हणून सांगतो. मागांच्या खडखडाटात माझे कान गेलेत. आवाज चढला की उतरला, मला कळतच नाही. गिरणीत सगळेच खुणा करून, ओठ बघून बोलायचो, तिथे लाज नव्हती. इथे सांगितलं तर हा शिकवणंच बंद करील. रुक्मिणीलाही ठाऊक नाही. थकलो रे दादा. गावी येऊ का, ते कळव.

वहिनीला नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझा गुणाजी

कणकवली, २३ जानेवारी १९८४

चि. गुणाजीस सहदेवचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हळहळली, मला मात्र राग आला. घर तुझंच आहे, कधीही ये. पण वयाचं निमित्त काढून येऊ नकोस. मागावर नवा लागलास तेव्हा सारखे धागे तोडायचास, जॉबर मुकादमाच्या शिव्या खायचास, आणि सुट्टीत येऊन त्याच सांगून आम्हाला हसवायचास. आता मिशी पिकली तर विचारायची लाज वाटते? त्या पोराला कानांचं सांग. नाही शिकवलंन तर खुशाल निघून ये.

इकडे माझे गुडघे सोडून सर्व ठीक. रुक्मिणीस आशीर्वाद. राग धरू नकोस.

तुझा दादा

भांडुप, २८ फेब्रुवारी १९८४

ती. दादास दंडवत.

सांगितलं एकदाचं. आधी का बोलला नाहीत म्हणून दशरथ चिडला. मग म्हणाला, चपला काढा. अनवाणी पाय रिक्षाच्या पत्र्यावर ठेवले आणि इंजिन तळव्यांना कळायला लागलं. गिअर पडू लागले. पण अंग मोडून येतं. तरुणपणी हेच चार दिवसांत झालं असतं.

पंधरा दिवसांमागे रविवारी रुक्मिणीला मागे बसवून तिच्या बहिणीकडे मुलुंडला निघालो. मोठ्या ऐटीत रिक्षा मुलुंड ओलांडून थेट चेकनाक्यावर नेली. डावीकडे वळा म्हणून ती मागून घसा फोडत होती म्हणे, आणि शेजारी बसलेल्या दशरथने, बघू यांना कधी कळतं म्हणून, मुद्दाम खूण केली नाही. ती उतरून समोर आली. मला वाटलं, झालं, आता हिला कळलं. तर म्हणाली, थोरला चालायला लागला तेव्हापासून मी तुमच्या समोर येऊनच बोलते, ते काय तुमचं तोंड बघायला? इतकी वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो, दादा. भर रस्त्यात मला रडू आलं.

माणसं नेण्याचा नाद सोडला. भाजीवाल्या शिवदासची मालाची तीनचाकी आहे, ती चालवीन. कोबी डावीकडे वळा म्हणत नाही. तेव्हा गावी सध्या येत नाही.

रुक्मिणी आता रिक्षात मागे बसत नाही. शेजारी बसते, आणि वळायचं असलं की दंडावर चापट मारते.

आहे तशीच माया असू दे.

तुझा गुणाजी