अकरा नंबरच्या तारा रीताने चढवाव्यात

मी, प्रणित मुखरू भांडेकर, वय २६, शिक्षण अकरावी अपूर्ण, धंदा मोबाइल दुरुस्ती, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, हा कागद स्वतःच्या हाताने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेला नाही. येत्या गुरुवारी नागपूरला माझ्या खुब्याचे ऑपरेशन आहे. मला सिकलसेल असल्यामुळे सर्व ठीक होईलच असे डॉक्टर लिहून देत नाहीत. मी विचारले होते.

१. घर आईच्या, म्हणजे गुणाबाईंच्या नावावर आहे. ते वाटण्याचा मला अधिकार नाही. माझ्या खात्यात जे निघेल तेही आईचेच.

२. दुकानातील हत्यारे शेजारचा दुकानदार लालसू याला द्यावीत. माझा बारीक पेचकस दोन वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, तो आता त्याचा समजावा.

३. गिटार माझी बहीण रीता हिची. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीत ज्या साहेबांकडे आई स्वयंपाक करायची, त्यांनी निवृत्त होताना ती मला दिली. आत चिकटवलेल्या कागदावर १९६८ साल आहे. लाकूड पातळ व जुने आहे. आवाज बसला होता, गोणपाटावर थाप मारल्यासारखा यायचा. चंद्रपूरला वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कय्यूमभाईंकडे बसून मी दोन प्रकारच्या तारा लावून पाहिल्या. फॉस्फर ब्राँझचा आवाज गोल आणि मऊ. ऐंशी-वीसचा, म्हणजे ऐंशी भाग तांबे व वीस भाग जस्त, रिकाम्या पितळी गंजाला चमचा लागल्यासारखा मोकळा. ऐंशी-वीसच्याच ठेवल्या, जाडीला अकरा नंबर, म्हणजे बारीक. कय्यूमभाई म्हणाले, "बेटा, बुड्ढी लकडी है, इसको खींचो मत. पतले तार पे भी बोलेगी." बोलली. तो आवाज मी सात दिवस ऐकला.

४. हे कलम रीताने नीट, थांबत थांबत वाचावे. माझा चुलतभाऊ प्रफुल आमचा ऑर्केस्ट्रा चालवतो, मी त्यात गिटार वाजवायचो. गेल्या वर्षी मे महिन्यात, हळदीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याने माझ्या तारा काढून तेरा नंबरच्या जाड तारा चढवल्या. मी नको म्हटले. तो म्हणाला, "मोठा आवाज पायजे तं मोठी तार. एवढं बी समजत नाई काय बे तुले?" दुसऱ्या दिवशी उन्हामुळे त्याने गिटार दुपारभर कूलरपुढे ठेवली. "लाकडाले बी गरम होते ना," म्हणे. कूलरच्या ओल्या वाऱ्याने लाकूड फुगले, सरस सुटला आणि जाड तारांच्या ओढीने दुसऱ्याच गाण्यात तारा जिला बांधतात ती पट्टी उखडून नवरीच्या मामाच्या पायाशी पडली.

प्रफुलदादाने माइकवर सांगितले, "तारा आमच्या प्रणितनं लावल्या होत्या. पातळ मानसाची पातळ तार!" पूर्ण मांडव हसला. तेव्हापासून आठवडी बाजारात मला 'तारतोड्या' म्हणतात. मोबाइल दुरुस्तीला देतानाही लोक विचारतात, "तोडशील तं नाई ना?" ऑर्केस्ट्रातूनही मला काढले.

रीताने विचारले होते, "दादा, तू तवाच काऊन नाई बोलला?"

माइक त्याच्या हातात होता.

५. पट्टी कय्यूमभाईंनी पुन्हा बसवून दिली. पट्टी उखडली तेव्हा गिटारवर कोणत्या तारा होत्या हे त्यांनी लिहूनही दिले, तो कागद सोबत जोडला आहे. त्या जाड तारा कोणालाही देऊ नयेत, कारल्याच्या वेलाला बांधाव्यात. ऐंशी-वीसचे, अकरा नंबरचे नवे पाकीट माझ्या पेटीत आहे. रीताने एकेक तार काढून एकेक चढवावी, सगळ्या एकदम काढू नयेत. उन्हाळ्यात गिटार कूलरच्या खोलीत ठेवू नये.

६. माझ्या तेरवीला, जेवणाची पाने मांडण्याआधी, ऑर्केस्ट्राचाच माइक मागवून रीताने एक गाणे वाजवावे. लोकांनी आवाज ऐकल्यावर कलम ४ त्याच माइकवर वाचावे, प्रफुलदादाला समोरच्या खुर्चीवर बसवून. त्याने उठू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आत्याबाई बसवाव्यात.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे तहसीलजवळच्या स्टॅम्पवाल्याने सांगितले. म्हणून कय्यूमभाईंना काही ठेवलेले नाही, त्यांनी राग मानू नये. दुसरा साक्षीदार मी याच कारणासाठी निवडला आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त मी सही करताना पाहायचे असते. कलम ४ वाचून झाल्यावर रीताने त्याच्या सहीचे पान सर्वांना फिरवून दाखवावे.

८. मी नागपूरहून जिवंत परतलो तर वरील सर्व रद्द. मग कलम ४ मी स्वतः वाचीन.

शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. खाडाखोड नाही.

ठिकाण : चामोर्शी
दिनांक : ९ जून २०२५

सही : प्रणित मुखरू भांडेकर

साक्षीदार १ : शेख कय्यूम, चंद्रपूर

साक्षीदार २ : प्रफुल भांडेकर, चामोर्शी
(वाचलं नाई. तुह्यावर भरोसा हाय. भेऊ नको बे, गुरुवारी नागपूरले गाडी मीच आणतो.)