आबांचा लांब नाकाचा कॅमेरा

आबा, तुमचा कॅमेरा अजून चालतो. चार पेन्सिल सेल घातले की घुर्र करून नाक पुढं काढतो, आणि झाकण काढायचं राहिलं तर पडद्यावर तक्रार करतो. माझी लेक हसते. म्हणते, आई, याची लेन्स निघतही नाही, मग हा एवढा मोठा कशाला? मी तो घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, मॅडम, हा मधला प्रकार आहे. दिसायला मोठ्यासारखा, वापरायला छोट्यासारखा, आणि लांबचं मात्र असं ओढून आणतो की मकबऱ्याच्या मिनारावरची कबुतरं मोजा. नातवंडांचे फोटो काढा म्हणून मी तो तुम्हाला दिला. तुम्ही तो गळ्यात अडकवला आणि मेंढरांमागं चालू लागलात.

दुष्काळाचा तो सलग दुसरा उन्हाळा. चितेगावच्या पुढचा आपला पाझर तलाव तळाला गेलेला, त्याच्या पोटात उगवलेलं खुरटं गवत एवढाच काय तो चारा. बाकीच्या माळावर प्लॉटिंगचे पांढरे दगड. माझा धाकटा भाऊ कंपनीत कामाला लागून बजाजनगरला राहायला गेला होता. तो दर रविवारी यायचा आणि एकच विषय काढायचा. "आबा, विकून टाका आता मेंढरं. चारा नाय, पाणी नाय, तुमचं वय झालं." एकदा तुम्ही सगळ्यांसमोर सांगून टाकलंत, "माझे डोळे हायेत तवर मेंढरं हायेत. डोळे गेले की खुशाल वीक." तेव्हापासून तुम्ही दर रविवारी त्याला फोटो दाखवायला लागलात. तलावाच्या पलीकडच्या काठावर उभी असलेली मेंढी, आणि तिच्या कानाला पाडलेली खूणसुद्धा स्पष्ट. धाकटा चाट पडायचा. "आबांची नजर घारीची हाय, ताई!" मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये ते फोटो मिरवले. चित्र स्पष्ट करायचं काम कॅमेरा आपला आपण करतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्यासोबत आलेलं माहितीचं पुस्तक तर मीच वाचलं होतं.

डोळा लावायच्या त्या बारक्या खिडकीशेजारी एक इवलंसं चाक आहे. चष्म्याचा नंबर असणाऱ्याला ते फिरवून आतलं चित्र आपल्या डोळ्याला जुळवून घेता येतं. मी आले की आत बघायची, तर सगळं धुरकट. मी चाक माझ्या डोळ्याला जुळवायची. पुढच्या रविवारी ते पुन्हा पार टोकाला गेलेलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात मी तुम्हाला रागावले, "आबा, त्या चाकाला हात लावू नका म्हटलं ना!" तुम्ही अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणालात, "आपोआप फिरत असंल."

मग शाळेला सुट्टी लागली आणि मी राहायला आले. सकाळी तलावावर तुमच्यासोबत बसलेय. तुमचा डोळा खिडकीला चिकटलेला, ओठ हलतायत, आणि बटण काही दाबलं जात नाही. तुम्ही फोटो काढतच नव्हता. मेंढरं मोजत होता. मी हळूच कॅमेरा तुमच्या हातातून घेतला आणि विचारलं, "आबा, ती बांधापाशी काळी उभी आहे, ती कुणाची?"

"आपलीच की. आडमुठी हाय जरा, हलत नाय."

ते डांबराचं पिंप होतं, नव्या रस्त्यासाठी आणून ठेवलेलं. मला हसू फुटलं, आणि तुमचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"धाकट्याला सांगू नको," तुम्ही म्हणालात.

"ऑपरेशन करून घ्या. मोतीबिंदूचं आता एवढं काही नसतं."

"आन मेंढरं? पंधरा दिवस धुळीत जायचं नाय म्हणतेत. तेवढ्यात हा विकून मोकळा हुईल."

"मी राखते पंधरा दिवस."

"तू? इंग्रजी शाळंतली बाई?"

"मग इंग्रजीत हाकीन."

तुम्ही इतके हसलात की जवळची दोन कोकरं बिचकून पळाली. आणि मग तयार झालात.

डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा तुम्ही माझ्याकडं टक लावून बघितलंत आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडलात, "अगं, किती पिकलीस तू! मला कुणी सांगितलं कसं नाय?" पुढं पंधरा दिवस मी संध्याकाळी घरी आले की कॅमेऱ्याचा पडदा बाहेर उघडून त्या दिवशीचे फोटो तुमच्यापुढं धरायची. तुम्ही खाटेवर बसून मोजायचात. "एकूण एक हायेत." नंतर कितीतरी वर्षं तुम्ही हे पाचोडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत राहिलात. "पोरीनं राखली मेंढरं. पोराला जमलं नसतं." एकदा धाकटा शेजारीच बशीतला चहा पीत बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा बशीत फुंकर घातली.

आबा, मी तीनच दिवस राखली. तिसऱ्या दिवशी मेंढरं कुणाच्या तरी घासाच्या पिकात घुसली, मला उन्हानं भोवळ आली, आणि मी धाकट्याला फोन केला. मनात म्हटलं, आता हा विकणारच. तो रजा टाकून मोटारसायकलवर आला, कंपनीचा शर्ट लिंबाच्या फांदीला अडकवला आणि घशातून तुमच्यासारखीच हाळी दिली. सगळी मेंढरं मान वर करून त्याच्याकडं बघायला लागली. बाकीचे बारा दिवस तोच त्यांच्यामागं हिंडला. मी सावलीत बसून फोटो काढले, तो कुठल्याही फोटोत येणार नाही असे. "आबांना सांगू नको ताई," तो म्हणाला. "मला आवडतं हे कळलं तर नोकरी सोड म्हणतील." त्यानंतर त्यानं विकायचा विषय काढला नाही. तुम्हाला वाटलं, तुमच्या डोळ्यांना घाबरला.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठं टाकायचं नाही, निदान इथं तरी खरं लिहिते. त्याला शब्द दिला होता म्हणून मी गप्प राहिले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुमच्या तोंडची ती शाबासकी मला इतकी गोड लागायची, की त्यातला त्याचा वाटा त्याला द्यावासाच वाटला नाही.